मिनिटाला ७८ टक

जुन्या तबकड्यांवरचा आवाज संगणकावर उतरवून देणं हे माझं काम. लोकांना वाटतं, दिवसभर गाणी ऐकायची आणि पैसे घ्यायचे. निम्मा वेळ धुण्यात जातो. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसायची नसते, लाख विरघळते. तरी बरेच जण आणण्याआधी घरीच ‘जरा स्वच्छ करून’ आणतात. कोविडनंतर प्रत्येक घरात सॅनिटायझरची बाटली आली, तेव्हापासून तर विचारूच नका. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश आणि लेबलवर पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, बस्स.

गेल्या पावसाळ्यात मेहकरकडचे एक निवृत्त शिक्षक आले. एसटीच्या प्रवासात तबकडी धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर धरून आणलेली. दहा इंची, एचएमव्हीची, काठापासून आत जाणारा एक तडा, लेबल अर्धं खरवडलेलं. ‘जोशी’ तेवढं वाचता येत होतं. मी वाजवायच्या आधीच ओळखलं. जी. एन. जोशींची ‘रानारानांत गेली बाई शीळ’. १९३२ची ही तबकडी. मराठी भावगीत इथून सुरू झालं असं मानतात.

सरांनी चष्मा वर करून लेबल न्याहाळलं. “ताई, यावर नाघंचं नाव कुठं आहे?”

नव्हतं. खरवडलेल्या भागात होतं का, कोण सांगणार! पण त्या काळच्या कितीतरी तबकड्यांवर गाणारा ठळक आणि लिहिणारा गायब असतो, हे मी रोज पाहते.

नाघं म्हणजे हे गीत लिहिणारे कवी ना. घ. देशपांडे, मेहकरचे वकील. जन्म १९०९चा, गेले २००० साली. मुंबई-पुण्याच्या मैफिलींपासून दूर, बुलढाणा जिल्ह्यात राहून लिहिणारा माणूस. जोशीही वकिलीच शिकलेले. पुढे ते एचएमव्हीत गेले आणि त्यांनी दिग्गजांचं ध्वनिमुद्रण केलं. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही संतूर-बासरी-गिटारची गाजलेली एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी, त्यांचीच निर्मिती. त्यामुळे जोशींचं नाव तबकड्यांच्या जगात राहिलं. नाघंचा पहिला संग्रह ‘शीळ’ निघाला १९५४ साली, म्हणजे तबकडीनंतर बावीस वर्षांनी. मग १९६३ला ‘अभिसार’, आणि ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी मिळाली ती १९८६ला. तबकडी आणि ‘शीळ’ संग्रह यांच्या मधली बावीस वर्षं मासिकं न वाचणाऱ्या माणसाकडे ही कविता होती ती फक्त कानाने. चहाच्या दुकानात फोनो वाजला तर.

सरांना गावातल्या कार्यक्रमासाठी हे गाणं हवं होतं, आणि सोबत नाघंच्या तबकडीवर आलेल्या गाण्यांची यादी. यादीचं नंतर सांगते.

ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते आणि दर फेऱ्याला सुई तड्यावरून जाते, म्हणजे मिनिटाला ७८ टक. सव्वातीन मिनिटांच्या बाजूला अडीचशेच्या आसपास. एलपीची सुई इथे चालत नाही. तिचं टोक वीस-पंचवीस मायक्रॉनचं, ते खाचेच्या तळाशी जाऊन कचरा उकरतं. ७८च्या तबकडीला साधारण पासष्ट-सत्तरचं लागतं. मी दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून बघते, कारण जुन्या फोनोच्या पोलादी सुईने खाचेची भिंत एका ठराविक उंचीवर झिजवलेली असते. सुई दर बाजूला बदलायची असायची, पण घरोघरी एकच सुई सणासुदीपर्यंत पुरवली जायची. थोडी जाड सुई लावली की ती झिजलेल्या पट्ट्याच्या वर बसते आणि अचानक आवाजाला अंग येतं. या कामात मला खरा आनंद होतो तो एवढ्याच क्षणी.

मग वेग. ७८ लिहिलंय म्हणून ७८ असतोच असं नाही. पेटीवर सूर पडताळला तर काळी दोन आणि पांढरी तीनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता. पेट्याही सगळ्या एका सुरात लावलेल्या नसायच्या, म्हणून निव्वळ पेटीवर विसंबता येत नाही. मी गाणाऱ्याचा श्वास ऐकते. वेग जास्त असला की माणूस धापा टाकल्यासारखा श्वास घेतो. थोडा खाली आणल्यावर तेविशीतला तरुण वकील सावकाश गायला लागला.

टक मी हाताने काढते, एकेक. सॉफ्टवेअरला तड्याचा ‘टक’ आणि तबल्याचा ‘ना’ यातला फरक धड कळत नाही. आमच्याकडचा नवा मुलगा हुशार आहे, पण त्याचे कान हेडफोनवर वाढलेले. सरांना चहा द्यायला मी उठले, तेवढ्यात त्याने उत्साहाने खरखर काढायचं फिल्टर पूर्ण ताणलं आणि ऐकवलं. काय स्वच्छ! काचेसारखं. सर मान डोलवत ऐकत होते आणि मध्येच थांबले.

“शीळ कुठे गेली?”

खरंच गेली होती. ‘श’ची फुंकर साधारण अडीच-तीन हजार हर्ट्‌झच्या पुढे असते आणि तबकडीची खरखरही तिथेच पसरलेली. यंत्राला दोन्ही एकच. त्याने खरखर उचलली, सोबत ‘श’ उचलला. उरलं ‘ईळ’. ‘स’चे तर आधीच हाल असतात, त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरचं फारसं उतरतच नसे.

मी फिल्टर उतरवला. खरखर परत आली, शीळही आली. सर म्हणाले, “हेच द्या.” मुलगा गप्प बसला, पण मला माहीत आहे त्याला काय वाटत होतं ते. लोक आता मोबाइलवर ऐकतात, खरखर आली की पुढचं गाणं लावतात. त्याचंही चूक नाही. पण एखाद्याच्या कवितेतलं अक्षर मी पुसून द्यायचं का?

तीनच दिवसांत सरांचा फोन. कार्यक्रमाच्या समितीने खरखरीची प्रत नाकारली. ‘लोकांना वाटेल आपला स्पीकर खराब आहे.’ सर संकोचले होते. मी मधली एक प्रत करून पाठवली. ‘श’ आहे, पण त्याला सर्दी झाल्यासारखा. कार्यक्रमात ती वाजली, लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मला ती प्रत अजून पटलेली नाही, आणि दुसरी कुठली पटली असती हेही सांगता येत नाही.

आता यादी. मी त्याच सुमारास एका मोठ्या संस्थेसाठी तबकड्यांची नोंद करत होते. त्यांच्या तक्त्यात रकाने कोणते? गायक, कंपनी, क्रमांक, लांबी, भाषा, ‘मूड’. मूड! कवीला रकाना नाही. संगीतकार नाही म्हटलं तर एक वेळ समजू, तेव्हा चाल बहुधा गाणाराच लावायचा. पण कवी? मी एक रकाना वाढवून फाइल पाठवली. ‘साचा बदलू नये’ असा शेरा येऊन परत आली. त्यामुळे नाघंची गाणी शोधायची तर जोशींच्या नावाखाली शोधा. ‘नदीकिनारी’ जोशींकडे, ‘डाव मांडून भांडून मोडू नको’ जोशींकडे. आणि ‘अंतरीच्या गूढगर्भी’ मात्र सुधीर फडक्यांकडे. एका माणसाचं लेखन गाणाऱ्यांच्या घरी विखुरलेलं. मी शेवटी ‘इतर माहिती’मध्ये कवीचं नाव घालायला सुरुवात केली, प्रत्येक ओळीत. अजून कुणी हटकलेलं नाही. बहुतेक तो रकाना कुणी वाचत नसावं.

सरांना जी यादी दिली ती कवीच्या नावाने लावलेली आहे. तिच्यात ‘डाव मांडून’समोर जागा रिकामी आहे, कारण वाजण्याजोगी प्रत माझ्या हाताला लागलेली नाही. सर मेहकर, लोणार, चिखलीकडे जुन्या वाड्यांतून विचारत फिरताहेत. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा, आणि कृपा करून पुसू नका. धुळीसकट आणा.