सूत, तुरटी आणि कांद्याची सालं

चरखा घरात दिसला की येणारा प्रत्येक माणूस आधी गांधीजींचा विषय काढतो, मग "आता खादीच वापरता का?" आणि चहा संपता संपता "पण एवढं करून याचं करणार काय?" हे ठरलेलं. सासूबाईंचा प्रश्न तेवढा वेगळा असतो, "आज कुठलं पातेलं काढलंस?" तो मात्र रास्त आहे, त्याच्यावर येतेच पुढे.

तर माझ्याकडे पेटीचरखा आहे. येरवडा तुरुंगात असताना १९३० च्या सुमारास गांधीजींनी ज्याच्यावर खटपट केली तोच हा, म्हणून त्याला येरवडा चरखा पण म्हणतात. दोन चाकं, मधे दोरी, टोकाला चाती (म्हणजे गरागरा फिरणारी टोकदार सळई, सूत हिच्यावरच गुंडाळलं जातं), आणि काम झालं की मिटवून कपाटात उभा ठेवता येतो, पुण्यातल्या फ्लॅटमधे हा गुण बाकी सगळ्या गुणांच्या वरचा.

उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या चिमटीत पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी, धरायचा आणि हात हळूहळू मागे न्यायचा. सूत चातीशी तिरकं धरलं की दर फेऱ्याला टोकावरून टुक्कन सटकतं आणि तेवढा पीळ बसतो, काटकोनात धरलं की चातीवर गुंडाळलं जातं. सांगायला दोन मिनिटं लागतात. पण खरी मजा आहे ती गाठोळं येतं तिथे. म्हणजे पेळूतून मधेच एखादा जाडसर फुगा सुतात उतरतो, आणि पीळ इतका शहाणा की तो आधी बारीक जागी पळतो, फुग्यात शिरतच नाही, तिथले तंतू मोकळेच राहतात. मग चाक थांबवून त्या फुग्याच्या दोन्ही बाजूंनी जरासं ओढायचं, की तो चिमटीत लांबत लांबत बाजूच्या सुताएवढा बारीक होतो आणि मग पीळ येऊन त्याला पकडतो. हे बोटांना कळायला लागलं ना, की काय वाटतं ते मला अजून कोणाला धड सांगता आलेलं नाही. कॅमेरा ऑफ असलेल्या मीटिंगा मी यावर काढते आणि तरी मीटिंगमधलं सगळं ऐकू येतं, उलट जास्तच ऐकू येतं.

बाबांच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा, टकळी (हातानेच फिरवायची छोटी चाती) आणि पेळू दप्तरात. त्यांच्या हातात टकळी दिली तर त्यांनी तिला एक झटका दिला, बोलता बोलता हातभर सूत काढलं, आणि वर "तुमचे पेळू फारच लाडावलेले आहेत, आमच्यात कचरा असायचा" हा शेरा. बरं, १००० मीटर सूत झालं की त्याला एक गुंडी म्हणतात. ऐकायला अख्खा किलोमीटर आणि हातात घ्यावं तर मूठभर!

कातताना सगळी सत्ता माझ्याकडे असते, जाड बारीक जे काय होईल ते माझ्या चिमटीचं. रंगवायला घेतलं की ती सत्ता गेली, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मला ही दोन्ही कामं एकाच घरात हवी असतात.

पहिली गंमत तर साध्या पाण्यातच. नव्या सुताची लड बादलीत टाकली तर ती वर तरंगते, पाणी पितच नाही, कारण कापसाच्या अंगचं मेण. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळली की एवढ्या पांढऱ्या सुतातून चहासारखं पाणी निघतं (काय मळ असतो हा, बघून धक्काच बसतो) आणि मग तीच लड गुमान तळाला जाते. पुढे हिरड्याची पूड घातलेल्या पाण्यात रात्रभर, मग तुरटी. सुती धाग्याला रंग सहज धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन आणि तुरटी मधे पडले तरच.

आणि मग स्वयंपाकघर. कांद्याच्या सालांसाठी मी मंडईत पिशवी घेऊन जाते, भाजीवाल्या मावशी फुकट देतात आणि "केसांना लावता का ताई?" विचारतात. डाळिंबाची सालं घरचीच. दसरा झाला की जिन्यातली सुकलेली झेंडूची तोरणं मी उतरवते, सोसायटीला तेवढीच साफसफाई. झेंडूचा छान पिवळा येतो, आणि त्यातच चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार) पडलं की बघता बघता मेंदीच्या पानासारखा हिरवट काळपट. हिरड्यावर नुसतं हिराकस, तर राखाडी ते थेट काळा. हळदीच्या नादी मात्र लागू नये. भांड्यात इतकी सुंदर दिसते, पण साडीवर पडलेला आमटीचा डाग साबण लागला की लाल आणि उन्हात टाकला की गायब, हे आपल्या घराघरात माहीत असतंच की, धाग्याचंही तेच होतं.

निळीचं सगळंच उलटं. तिला तुरटी नको, हिरडा नको, फक्त चुना, गूळ आणि धीर. जमली की वर तांब्यासारखी चकाकणारी साय धरते, खाली पाणी पिवळट हिरवं, निळं अजिबात नाही. लड हळूच आत सोडायची, बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत, कारण हवा शिरली की नीळ रुसते. बाहेर काढताना लड पोपटी असते, आणि हवा लागेल तशी काठाकडून निळी होत जाते, मिनिटाभरात. हे बघायला आमच्याकडे सगळे बाल्कनीत जमतात, सासूबाईसुद्धा, नाकाला पदर लावून. वास आहे खरा. रंगाची पातेली कायमची वेगळी, परत स्वयंपाकात आणायची नाहीत, हा त्यांचा कायदा आहे आणि तो बरोबर आहे, फक्त त्यामुळे घरातली चांगली जाड बुडाची पातेली एकेक करून माझ्याकडे यायला लागली आहेत.

सध्या दोन धागे एकत्र करून उलटा पीळ घालतेय आणि त्याचा क्रोशाचा स्टोल चाललाय. कांद्याचा सोनेरी अर्ध्यात संपला, परत सालं आणली, तेच पातेलं, तेवढीच तुरटी, आणि रंग आला विटकरी. वजन करून घातलेलं असतं हो सगळं! पण मंडईत त्या दिवशी कांदा लाल होता, त्याला कोण काय करणार. तर आता स्टोलला पट्टे आहेत, आणि कोणी विचारलंच तर ते डिझाइन आहे.