तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्याचा मुतखडा पोट न फाडता निघतो का?

"डॉक्टर, माणसाचा मुतखडा हल्ली लेझरने फोडतात, दोन दिवसांत माणूस घरी, मग आमच्या घोड्याचं पोट कशाला फाडायचं?" हा प्रश्न मला तबेल्यात विचारतात, फोनवर विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारला होता. गेल्या आठवड्यात तुम्हीही विचारलात आणि मी तुमच्या घोड्याची तपासणी करून घाईघाईत निघाले, धड उत्तर दिलं नाही, म्हणून आता नीट लिहितेय.

निघतो. बऱ्याच घोड्यांचा निघतो. पण माणसाच्या बाबतीत कमी त्रासाचं ऑपरेशन म्हणजे छोटी चीर, आणि घोड्याच्या बाबतीत माझ्या मते त्याचा पहिला अर्थ म्हणजे घोडा उभा राहिला पाहिजे. त्याला आडवं पाडायची वेळच येऊ नये.

हे मी पुस्तकातून नाही शिकले. नवीन नवीन नोकरीला लागले होते तेव्हा एका खच्ची केलेल्या घोड्याचा खडा पूर्ण भूल देऊन, पाठीवर झोपवून, पोटातून काढला. मोसंबीएवढा खडा, ऑपरेशन छान झालं, टाके छान पडले, सगळे खूश. मग भूल उतरताना घोडा धडपडत उठायला गेला आणि मागचा पाय मोडला. त्याला परत उठवता आलं नाही. त्याचा साईस बाहेर ओला टॉवेल घेऊन उभा होता, उठला की तोंड पुसायला. तो टॉवेल मला अजून दिसतो.

चारपाचशे किलोचं जनावर तासन्‌तास आडवं पडलं की त्याच्याच वजनाने स्नायू दाबले जातात, फुप्फुसं दबतात, रक्तात ऑक्सिजन कमी पडतो, आणि शुद्धीवर येताना ते पळून जायच्या घाईने उठतं. पूर्ण भूल दिलेल्या घोड्यांपैकी साधारण शंभरात एक दगावतो, पोटदुखीचे इमर्जन्सी घोडे त्यात धरलेच नाहीत, तरी. कुत्र्यामांजरांत हेच प्रमाण हजारात एकदोन इतकं असतं. म्हणून मी चिरेच्या लांबीपेक्षा या आकड्याला जास्त घाबरते.

आता खड्याबद्दल. माणसाचा त्रास बहुतेक किडनीत आणि तिच्या नळीत, घोड्याचा बहुतेक वेळा मूत्राशयात. घोडा चाऱ्यातलं कॅल्शियम गरज असो नसो आतड्यातून ओढून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो, म्हणून निरोगी घोड्याची लघवीसुद्धा गढूळ, चिकट असते, त्याला घाबरू नका. या कॅल्शियम कार्बोनेटचाच खडा बनतो, बहुतेक पिवळसर हिरवट आणि अंगभर काटे असलेला. घोडा दुडकीला लागला की हे काटे आतलं अस्तर घासतात आणि रपेटीनंतर लघवी लाल येते. तुमच्या साईसने नेमकं हेच बघितलं आणि त्याच दिवशी सांगितलं, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. कित्येक लोक महिनाभर "उन्हामुळे होत असेल" म्हणत बसतात.

घोडीचं काम त्यामानाने सोपं, कारण तिची मूत्रनलिका आखूड आणि रुंद. गुंगीचं इंजेक्शन, शेपटीच्या मुळाशी मणक्यात भूल, शेपूट बाजूला बांधायची, भरपूर जेल लावून बोटाबोटाने मार्ग सैल करायचा आणि खडा हाताने बाहेर. माझा हात लहान आहे, कॉलेजमध्ये वाटायचं या हातांनी मोठ्या जनावरांचं काम कसं जमणार, आणि आता याच हातासाठी लोक मला बोलावतात. मागच्या वर्षी एका घोडीचा पेरूएवढा खडा असाच निघाला, आधी आतच त्याच्यावर पिशवी सरकवली म्हणजे काटे कुठे लागणार नाहीत, आणि तासाभरात ती गवत खात होती.

घोड्याची नलिका मात्र पाऊण मीटरच्या वर लांब आणि मागे जिथे वळते तिथे अरुंद. तिथे गुदद्वाराच्या खाली एक छोटी चीर देऊन, अर्थात उभ्यानेच, त्या वाटेने मूत्राशयात शिरता येतं. खडा छोटा असेल तर तसाच निघतो, मोठा असेल तर फोडावा लागतो. ती जखम बऱ्याचदा उघडीच ठेवतात, दोनतीन आठवड्यांत आपोआप भरते. थोडे दिवस लघवी तिथून येते, ते बघून घरचे घाबरतात, म्हणून आधीच सांगून ठेवतेय.

आणि लेझर, तुमचा मूळ प्रश्न. माणसांसाठी वापरतात तोच होल्मियम लेझर, दुर्बिणीतून केसासारखी बारीक फायबर खड्याला टेकवायची आणि तुकडे पाडायचे. चालतं, मी डोळ्यांनी बघितलंय. पण माणसाच्या किडनीतला खडा काही मिलिमीटरचा आणि घोड्याचा पाचसहा सेंटिमीटरचा, त्यामुळे वेळ खूप लागतो, भुकटी उडून आतलं दिसेनासं होतं, धुवायचं, थांबायचं, परत सुरू, कधी दोनतीन वेळा आणावं लागतं. आणि खरी मेहनत फोडण्यात नाही, शेवटचा कण धुऊन काढण्यात आहे. आत राहिलेल्या तुकड्याभोवती नवीन खडा धरतो. पोटातून अख्खा खडा काढण्याचा हाच एक मोठा फायदा, तो मी नाकारत नाही, आणि काही घोड्यांना तोच मार्ग बरा असतो, खासकरून खडा फार मोठा आणि टणक असेल तर.

औषधाने विरघळत नाही. घोड्याची लघवी अल्कधर्मी, ती खडा विरघळण्याइतकी आम्लधर्मी करणं फार अवघड, त्यासाठीचं अमोनियम क्लोराइड इतकं बेचव की घोडा दाणाच सोडतो. आणि कोणी पानफुटीची पानं चारायला सांगितली असतील तर कृपा करून देऊ नका, या जातीच्या झाडांनी हृदयावर परिणाम होऊन गुरं मेल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्या घोड्याचं सांगते. त्या दिवशी गुदद्वारातून तपासताना हात मनगटापर्यंत आत गेला तिथेच खडा लागला, लिंबापेक्षा थोडा मोठा. रक्ताचा रिपोर्ट आणि सोनोग्राफी दोन्हीत किडन्या ठीक दिसतायत, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे खडे असते तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं. म्हणून उभ्यानेच, खालच्या चिरेतून करूया, सोमवारी. लसूणघास आजपासून बंद, नुसतं सुकं गवत द्या, त्या घासात कॅल्शियम फार असतं. खडा निघाल्यावर रोज थोडं मीठ सुरू करू म्हणजे पाणी जास्त पिईल. सोमवारी सकाळी चारा अगदी थोडा द्या आणि साईसला दिवसभर मोकळा ठेवा, गुंगीत असताना त्याच्या डोक्याशी ओळखीचाच माणूस उभा पाहिजे.