नाचनबोर ते उदयनगर, पायी

आमच्या नगर जिल्ह्यातल्या नातेवाइकांची यात्रा म्हणजे सप्टेंबरातली हरेगावची मतमाउली, म्हणजे मरियामातेची. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये नोकरीला म्हणून इंदूरला आले आणि आमची ती यात्रा हळूहळू सुटली. आता आमची वारी उदयनगरची, २५ फेब्रुवारीची. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं हे गाव. तिथल्या चर्चमध्ये धन्य सिस्टर राणी मारियाची कबर आहे.

वरच्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी पंढरीला चालत जातात. मी निघणार हे कळल्यावर त्या कोकमतेलाची वडी घेऊन खाली आल्या. "रात्री टाचांना लाव, आणि चपला नव्या घालू नकोस," म्हणाल्या. कुठल्या देवाला निघालीस, हे काही त्यांनी विचारलं नाही.

इंदूरहून पहाटे बस करून नाचनबोरच्या टेकडीपर्यंत जायचं आणि तिथून पायी उदयनगर, असा आमच्या गटाचा बेत. याच टेकडीपाशी १९९५ साली २५ फेब्रुवारीच्या सकाळी सिस्टरला मारलं. त्या उदयनगरहून इंदूरला यायला निघाल्या होत्या. भरल्या बसमध्ये, लोकांदेखत, त्यांच्यावर सुरीचे वार झाले. लहानमोठ्या मिळून चोपन्न जखमा. शेवटपर्यंत तोंडात येशूचं नाव होतं. वय एकेचाळीस.

टेकडीवर प्रार्थना झाल्यावर फादर म्हणाले, "पहिला टप्पा मुकाट्यानं चालायचा. गाणं नाही, जपमाळसुद्धा मनातल्या मनात. यरीहोच्या तटाभोवती चालताना यहोशवानं इस्राएली लोकांना हेच सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढू नका."

बायबलातली यरीहोची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, शहराभोवती लोक नुसते चालले आणि शेवटी तटाची भिंत पडली. सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात. पण त्या दिवशी तोंड बंद ठेवून चालताना मी पहिल्यांदा त्या लोकांच्या पायांचा विचार केला. फेऱ्या एकूण तेरा. पहिल्या बारांत भिंतीला साधा तडा गेल्याचंही शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. रोज उठायचं, शहराला वळसा घालायचा, छावणीत परत यायचं, आणि भिंत तशीच. तटावरून लोक बघत असतील ते वेगळंच. भिंत विश्वासानं पडली असं इब्रीकरांस पत्रात म्हटलंय, आणि तो विश्वास दिसतो कुठं, तर चालण्यात. चालले नसते तर त्यांच्याकडे विश्वास होता हे कुणाला कळलं असतं?

फेब्रुवारीत हा भाग फार देखणा असतो. सागाची पानं गळून रस्त्याच्या कडेला कुरकुरीत थर झालेला, मध्येच एखादा पळस पेटलेला. एका वळणावर दोन पोरी हरभऱ्याचे डहाळे आगीत भाजत बसल्या होत्या. त्यांनी मूठभर घाटे आमच्या गटातल्या मावशींच्या ओंजळीत टाकले. मावशींनी नुसते हात जोडले, कारण बोलायचं नव्हतं. काळ्याभोर झालेल्या सालींतून हिरवेगार दाणे काढून त्यांनी आम्हाला एकेक करून वाटले.

या पोरींच्या आज्या-आजोबांसाठीच तर राणी मारिया इथं राबल्या. केरळातल्या पुल्लुवळीच्या शेतकरी घरातली मुलगी, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघातली धर्मभगिनी. आधी बिजनोर, मग सतना धर्मप्रांत, आणि १९९२ साली संघानं उदयनगरला पाठवलं. इथले आदिवासी तेव्हा सावकारांच्या कर्जात अडकलेले. सिस्टरनी त्यांना बँकेची वाट दाखवली, सरकारी योजना समजावून दिल्या, बचत शिकवली. सावकार-जमीनदारांचं बिनसलं ते इथं. आज्ञापालनाचा विषय निघाला की मला हेच आठवतं. ज्या बाईनं आज्ञाधारकपणाचं व्रत घेऊन, पाठवतील तिथं जाऊन आयुष्य घालवलं, तिनंच गावच्या दांडग्यांची आज्ञा मानली नाही. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे येशूचा शिष्य पेत्र यानं न्यायसभेसमोर म्हटलेलं वाक्य तिनं जगून दाखवलं. ख्रिस्ती आज्ञापालन म्हणजे कुणापुढेही मान तुकवणं, असं जे सांगतात त्यांनी एकदा या रस्त्यानं चालावं.

मौन सुटल्यावर कॉलेजातला एक मुलगा मावशींना म्हणाला, "मावशी, आपण 'विजय, विजय' म्हणून गाणी म्हणतो. सिस्टरना कसला विजय मिळाला? त्यांना तर मारूनच टाकलं."

मावशी चालत राहिल्या. गुडघा दुखत होता, त्यामुळं बोलणं तुटक. "अरे, मारणाऱ्याचं पुढं काय झालं ते बघ ना."

पुढचं इंदुरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या मुलाला माहीत नव्हतं. सिस्टरची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही त्याच संघातली धर्मभगिनी. २००२ साली ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याला तिनं राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी सिस्टरच्या घरच्यांनी सहमती दिली. २००६ साली तो सुटला, पुढं केरळात जाऊन सिस्टरच्या आईसमोर उभा राहिला, आणि त्या माउलीनं त्याचे हात चुंबले. माझ्या मुलीचं रक्त लागलेले हात आहेत हे, असं म्हणून. नंतर तो माणूस कबरीवरही येत राहिला.

त्या आईला आधी माया दाटून आली आणि मग तिनं क्षमा केली, असं मला वाटत नाही. शत्रूवर प्रीती करा ही आज्ञा तिनं आधी मानली असणार. मन मागाहून आलं असेल. योहानाच्या पहिल्या पत्रात या दोन गोष्टी लागोपाठ आहेत. देवावर प्रीती करणं म्हणजे त्याच्या आज्ञा पाळणं, आणि पुढच्याच वचनात, जगाला जिंकतो तो आपला विश्वास. विजय म्हणजे आजार बरा होणं, खटला जिंकणं, बदली रद्द होणं, असं आपण धरून बसतो. मागू नये असं मी म्हणत नाही, मीही मागते. पण सैतानाला हवं होतं ते एकच, रक्ताच्या बदल्यात द्वेष. तो त्याला त्या घरातून मिळाला नाही. याहून मोठी हार त्याची कोणती?

उतरत्या उन्हात उदयनगरला पोचलो. २०१७ साली इंदूरला सिस्टरची धन्यघोषणा, म्हणजे संतपदाआधीची पायरी, झाली तेव्हापासून इथं गर्दी वाढली आहे. पाय धुऊन कबरीपाशी रांगेत उभे राहिलो. पुढं आदिवासी बाया, मागं केरळातून आलेला एक गट, मध्ये आम्ही. "प्रणाम मरिया, कृपापूर्ण" हिंदीत चाललेलं, मावशींचं मात्र मराठीतच.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर मावशींनी मला बाजूला नेलं. "फोन लावून दे," म्हणाल्या आणि दिराचा नंबर सांगितला. घराच्या वाटणीवरून त्या दोन घरांत कैक वर्षं बोलणं नाही. वकिलाच्या नोटिसा तेवढ्या येतात-जातात. मी लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

"परत लाव."

पुन्हा तेच. मावशींनी फोन माझ्या हातात दिला आणि पदरानं तोंड पुसलं. "घरी गेल्यावर रात्री लावू. तोवर तो जेवून निवांत होतो." मग त्या गुडघ्यावर हात ठेवत जेवणाच्या रांगेकडे निघाल्या. डाळ-भात संपत आला होता, आणि बसवाला हॉर्न वाजवत होता.