उशीरपेटी: घसरण सापडली!

सापडली एकदाची! उशीरपेटी म्हणजे रेडिओचं समालोचन टीव्हीच्या चित्राशी जुळावं म्हणून आवाज काही सेकंद मागे ठेवणारी माझी पेटी. सामना चालू असताना तिचा उशीर हळूहळू सरकत जायचा, तीच ही घसरण. तीन आठवडे मी तिच्यासाठी नको तिथे खणत होतो.

मांडणी मागच्या वेळचीच. फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सचं चित्र, टीव्हीचा आवाज बंद, आणि मध्यम लहरींवरचं आकाशवाणीचं समालोचन रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातून (हीच पेटी) ४.३ सेकंद मागे ओढलेलं. दीड वाजता पहिला चेंडू पडला तेव्हा अगदी चपखल जुळलं होतं. चाळिसाव्या षटकात मात्र चेंडू कव्हरकडे निघालेला आणि बॅटचा ‘टक’ मागून. मोजलं तर ०.७ सेकंद!

पहिला संशय उपग्रहावर. पण ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो, आणि फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ जागच्या जागी थोडा डुलला तरी फरक मिलीसेकंदाच्याही आत. मग शेजारच्या काकांचा सेट-टॉप बॉक्स आणून लावला. तेच. बॉक्सचं घड्याळ प्रवाहातल्या पीसीआरला, म्हणजे प्रक्षेपणासोबत येणाऱ्या वेळेच्या खुणांना, बांधलेलं असतं, ते असं भरकटत नाही.

शेवटी टीव्ही बाजूलाच ठेवला. मोबाइलवर दर दहा सेकंदांनी एक टिक लावून पेटीत सोडली. रेकॉर्डरवर डावीकडे मूळ टिक, उजवीकडे पेटीतून आलेली. रात्रभरात तीन तास भरले. सकाळी दोन्ही लहरी एकाखाली एक मांडल्या, तर पुन्हा ०.७. म्हणजे दशलक्ष सेकंदांत ६५ सेकंद! पेटीत आवाज आत येतो यूएसबी डोंगलच्या क्रिस्टलवर, म्हणजे त्याच्या घड्याळावर, आणि बाहेर पडतो पायच्या. दोन घड्याळं, त्यामुळे बफर (थांबवून ठेवलेल्या आवाजाचा साठा) फुगत जातो, उशीर वाढत जातो.

पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळून लाइन-इन (आवाज आत) आणि लाइन-आउट (आवाज बाहेर) दोन्ही एकाच घड्याळावर असलेलं साउंड कार्ड आणलं. स्वस्तातले डोंगल घेऊच नका, त्यांत फक्त माइकचं इनपुट असतं आणि रेडिओचा आवाज फाटतो. शनिवारी सलग सहा तास चालवलं. शेवटची टिक पहिल्याइतकीच मागे! दोनदा मोजून पाहिलं.

आता उशीर हाताने जुळवायला रोटरी एन्कोडर (फिरवायची कळ) बसवणार होतो, आणलाही आहे. पण हे लिहिता लिहिता सुचलं: लाइन-इन स्टिरिओ आहे. डावीकडे रेडिओ, उजवीकडे टीव्हीचा आवाज द्यायचा. दोघांचे मैदानावरचे माइक वेगळे, म्हणून लहरी तंतोतंत जुळणार नाहीत. पण विकेट पडल्यावरच्या गलक्याचा चढउतार दोन्हीकडे सारखाच. तोच पकडून पेटीने उशीर स्वतः शोधावा. एन्कोडर सध्या खणात.

कुणाकडे दोन्ही आवाज एकाच फाइलीत टिपलेले असतील तर द्या. विकेटच्या वेळचे वीस सेकंदही पुरतील.