तुम्ही विचारलंत म्हणून: कुठपर्यंत चालतं?

बायबल अभ्यास संपला की एक प्रश्न मला हमखास गाठतो. विचारणारं कुणी वीस वर्षांचं असतं, कुणी पन्नाशीचं. "देव क्षमा करतोच ना? मग कुठपर्यंत चालतं, तेवढं सांगा." कुणाला नात्याबद्दल विचारायचं असतं, कुणाला पैशाबद्दल, तर कुणाला रात्री मोबाइलवर काय पाहिलं त्याबद्दल.

क्षमेचा भाग प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात निकालात काढला आहे. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, असं तो विचारतो आणि लगेच म्हणतो, कधीच नाही. त्यात मला भर घालण्यासारखं काही नाही. माझं मन अडतं ते 'कुठपर्यंत' या शब्दापाशी.

जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात आठवं वचन आहे. नवं घर बांधलंस तर धाब्याला कठडा कर, नाहीतर वरून कुणी पडलं तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. धाबं म्हणजे घराचं सपाट छप्पर. तिथे माणसांचा वावर असायचा: संदेष्टा शमुवेल शौलाशी धाब्यावरच बोलला, येशूचा शिष्य पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला. आता बघा, घरधन्याला कड कुठे आहे ते पाठ असतं. अंधारातही त्याचा पाय बरोबर पडतो. पडणार तो पाहुणा, नाहीतर खेळणारं लेकरू. म्हणजे कठडा ज्याने बांधायचा, त्याला स्वतःला त्याची गरज सगळ्यांत कमी! 'मी कुठपर्यंत जाऊ' असं विचारणारा आपल्याच पायांकडे बघत असतो. हे वचन त्याला मान वर करून दुसऱ्याच्या पायांकडे बघायला लावतं.

"पण मी तर खोलीत एकटाच असतो," असं मला एकाने म्हटलं होतं. दावीद राजाही संध्याकाळी धाब्यावर एकटाच फिरत होता. तिथून त्याला दुसऱ्याची बायको बथशेबा दिसली; त्या गोष्टीत तिचा नवरा उरीया दावीदाच्या हुकमाने मेला, एक लेकरू गेलं. नाथान संदेष्ट्याने 'तो मनुष्य तूच' म्हटल्यावर दावीदाने सबब सांगितली नाही, आणि क्षमा त्याला तिथल्या तिथे मिळाली. उरीया मात्र परत आला नाही.

हे मी वरून बोलत नाही. मंडळीतल्या एका बहिणीने मला विश्वासाने तिच्या घरातलं सांगितलं होतं. नवरा वेगळं होण्याचं बोलत होता. चार दिवसांनी प्रार्थनासभेत विनंत्या मागितल्या तेव्हा मी म्हटलं, "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा, संसार मोडायला आलाय." नाव घेतलं नाही. पण त्या महिन्यात मंडळीत एकटी येऊन बसणारी तीच एक होती. डोळे मिटण्याआधी तिघीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मला दिसलं. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी स्वतःची समजूत घातली: प्रार्थनाच तर मागितली. नाव कुठे घेतलं? लोकांनी ओळखलं, त्याला मी काय करू? लोकांनी पूजेला केलेल्या सोन्याच्या वासराचा जाब मोशेने विचारला तेव्हा त्याचा भाऊ अहरोन म्हणाला, लोकांनी सोनं दिलं, मी ते विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर निघालं. 'निर्गम' या पुस्तकातलं हे उत्तर मी कितीदा तरी इतरांना शिकवलं होतं. त्याच अध्यायात वीस वचनं आधी लिहिलंय की अहरोनाने स्वतः हत्याराने त्याला आकार दिला. माझं वासरूही आपोआप निघालं नव्हतं.

देवाकडे मी त्याच रात्री क्षमा मागितली आणि ती मिळाली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तिच्या दारापर्यंत जायला मात्र अकरा दिवस लागले. देवाने माफ केलं म्हणजे विषय मिटला, असं मी रोज मनाला सांगत होते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू तसं म्हणत नाही. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ते 'आधी' मला टोचत होतं. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत देऊ केलं. पैशाचं तसं करता येतं. तोंडातून गेलेल्या शब्दाचं चौपट काय देणार?

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. तीनच वचनांनंतर म्हणतो, प्रत्येकाने आपापला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द वेगळे आहेत. पहिला बारोस, माणसाला दाबून टाकणारं वजन. दुसरा फोर्तिओन, ज्याच्या त्याच्या वाट्याचा भार; येशू 'माझे ओझे हलके आहे' म्हणतो तेव्हा हाच शब्द येतो. मी तिचं ओझं उचलायला गेले आणि माझा भार तिच्या अंगावर टाकून आले.

तिने दार उघडलं. आत या म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं, तुम्ही विश्वासाने बोललात, मी ते सभेत मांडलं, चूक माझी आहे. 'प्रार्थनेसाठीच हो' हे शब्द जिभेवर आले होते, ते गिळले.

"देवाने तुम्हाला माफ केलं असेल, ताई," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."

तेव्हापासून कुणी माझ्याजवळ मन मोकळं केलं की निघताना मी विचारते, यातलं काही कुणाजवळ बोललं तर चालेल का? बहुतेकदा नाही असंच उत्तर येतं. हा माझा कठडा. तो मी दुसऱ्या कुणाच्या धाब्यावर नेऊन बसवत नाही. देवाने फळ खाऊ नका म्हटलं होतं. हव्वेने त्यात शिवूही नका हे स्वतःचं जोडलं, आणि त्या जादा नियमाने तिला काही वाचवलं नाही. तुमच्या धाब्यावर कोण येतं-जातं, ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून 'कुठपर्यंत' विचारलंत की मी आधी त्यांचीच चौकशी करते.

ती आता उपासनेला येते. आम्ही बोलतो, हसतोही. प्रार्थनासभेला मात्र अजून येत नाही, आणि मी तिला ये म्हटलेलं नाही.