नाट्यसंस्थेने महापालिकेकडून कर्ज घेताना

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्या सांगलीत महापालिकेने नाट्यसंस्थांना पैशाची मदत करावीच. मात्र ते अनुदान की कर्ज, हे ठरावात स्पष्ट लिहून घ्या. ‘अर्थसाहाय्य’ असा मोघम शब्द राहिला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

कर्ज असेल तर खरी मेख संस्थेच्या बाजूला. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल, तर १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६-अ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना कर्ज काढता येत नाही. तारण असो वा नसो. म्हणजे परवानगी आधी, करारावर सही नंतर. घाईत नेमका हाच क्रम उलटतो. अर्जाला विश्वस्तांचा ठराव, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि परतफेड कशातून होणार याचा महिनावार हिशेब जोडा.

दरमहा समान हप्ता मात्र आम्हाला पटत नाही. पावसाळ्यात प्रयोग कमी, गल्ला कमी. मोठे हप्ते दिवाळीनंतरच्या हंगामात ठेवा. नुसतं जाहीर झालेलं अनुदान उत्पन्नात धरू नका, हप्ते तिथेच थकतात.

आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद आहे ना, तेही पाहा. ३१ मार्चला वर्ष संपलं की न उचललेल्या रकमेसाठी पुन्हा पहिल्यापासून धावपळ.