खाली बघून ओळख

भायखळ्याच्या राणीबागेत शिरलं की गर्दी पेंग्विनकडे वळते. 1862 साली ही बाग लोकांसाठी खुली झाली ती झाडाफुलांची बाग म्हणून, प्राणी नंतर आले. पण पोरांना हे कोण सांगणार?

मार्चमधल्या एका सकाळी मी मान वर करून, मोबाइल एका झाडावर रोखून उभी होते. खोड पिंपाएवढं जाड आणि वर एक पान नाही. ॲप नुसतं गोल गोल फिरत होतं.

"वाळलं वाटतं," मी पुटपुटले.

झाडणाऱ्या मावशींनी खराटा थांबवला. "वाळलं नाही ओ ताई, गोरखचिंच आहे ती. पावसात या, पंजासारखी पानं येतात."

हे झाड आफ्रिकेतलं, खोडात पाणी साठवतं, कोरड्या दिवसांत पानं टाकून देतं, हे सगळं मी वाचलेलं होतं. ऐन वेळी काही आठवलं नाही.

मावशींची झाडांशी ओळख सगळी जमिनीवरची. कुठल्या झाडाखाली काय पडतं आणि किती पाट्या भरतात, त्यावरून. कैलासपतीवर त्यांचा भारी राग. रोज सकाळी फुलांचा सडा, तोही जड. मी एक फूल उचललं. सहा जाड, मेणचट पाकळ्या, बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-लाल. मधे पुंकेसरांचा फणा आणि फण्याखाली चिमुकली पिंडी. वास घमघमीत. फळं मात्र तोफगोळ्यांसारखी. "फुटलं की नाक दाबून भरावं लागतं," मावशी म्हणाल्या. दक्षिण अमेरिकेतून आलेलं झाड. आपण फणा पाहिला, पिंडी पाहिली आणि त्याला थेट कैलासावर नेऊन बसवलं!

कृष्णवडाचं वाळलेलं पान त्यांनीच हातात दिलं. देठापाशी कडा जुळून झालेला खोलगट खिसा. त्यांच्या लेखी हे द्रोणाचं झाड. कृष्णाने यात लोणी लपवलं म्हणतात, असं मी सांगितलं, तर पान उलटसुलट करून म्हणाल्या, "लहान पडेल."

पुढे एका झाडाची कोवळी पानं तांबूस, मरगळलेली, पिळून वाळत टाकलेल्या ओढणीसारखी लोंबत होती. याला पाणी कमी पडतंय का, असं विचारणारच होते. तेवढ्यात पायाशी लाल पाकळी दिसली, टोकाला पिवळा ठिपका. म्हणजे ब्रह्मदेशची उर्वशी. हिची पालवी अशीच लुळी असते.

मावशी माझ्याकडेच बघत होत्या. मी काही विचारलं नाही.